चवथीला मूळ घरी जाऊ की नको?

डिचोली तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ३७. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत ११ वर्षं पॅकिंग लाईनवर, त्यातली शेवटची चार वर्षं शिफ्ट सुपरवायझर. डिसेंबरात लाईन बंद झाली, ४० जणांना घरी बसवलं, त्यात हेही. सध्या अर्धा दिवस मामांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतात. पत्नी सरकारी शाळेत शिक्षिका, घर तिच्या पगारावर चाललंय. वडील खाणीवर कामाला होते. ते जेवताना ऐकवतात, ‘तुझ्या वयात मी घर बांधून मोकळा झालो होतो.’ एक चुलतभाऊ क्रूझवर, दुसरा पोर्तुगीज पासपोर्ट करून इंग्लंडला. मे महिन्यात चुलत बहिणीच्या लग्नाला हे पोट बिघडल्याचं सांगून गेले नाहीत. रोज रात्री फेणीचे दोन-तीन पेग, पहाटे तीनला जाग, मग उजाडेपर्यंत मोबाईल. ओळखीतला एकजण म्हणतो, पैसे मोजलेस तर सरकारी नोकरी लावून देतो. ‘आत्मविश्वास पार गेलाय, तो परत कसा आणू? आणि चवथ (गणेश चतुर्थी) आली, मूळ घरी सगळे विचारणार. जाऊ की नको?’ असं विचारून शेवटी एक ओळ आहे: ‘कधी कधी वाटतं, मी नसतो तर घरावरचा एक भार तरी कमी झाला असता.’

स.न.वि.वि.

तुम्ही शेवटी जी ओळ लिहिलीत, तिच्यापासूनच सुरुवात करायला हवी. बाकीचं थांबू शकतं, ते थांबू शकत नाही. असा विचार मनात येऊन जाणं आणि ‘कसं, कधी’ याचा बेत मनात रचला जाणं यात मोठं अंतर आहे. बेतापर्यंत गोष्ट गेली असेल, किंवा दारू घेतल्यावर विचार जोर धरत असेल, तर हे उत्तर पुढे वाचू नका. आधी पत्नीला किंवा मामांना सांगा आणि १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा नंबर लावा. चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. रात्री एकटं राहू नका. बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) शेजारी आयपीएचबी हे सरकारी मनोरुग्णालय आहे, तिथे जा, किंवा ११२ लावा. कुळागरात फवारायची औषधं घरात असतील तर ती आजच दुसऱ्याच्या घरी किंवा कुलपात, आणि किल्ली पत्नीकडे. हा वेळ फार कठीण असला तरी बहुतेकदा ओसरतो, तेवढ्या वेळात हाताशी काही नसणं हाच मोठा बचाव असतो. आम्ही उगाच घाबरवत नाही. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची सरकारी नोंद झाली, त्यात दहांतले सात पुरुष होते.

विचार नुसता येऊन जात असेल, तरीही तो एका माणसाला सांगायचा. ‘मला असं वाटतं कधी कधी, करणार काही नाही, पण तुला माहीत असावं’ एवढं एक वाक्य पुरतं.

आता आत्मविश्वासाकडे. डॉक्टर नैराश्य तपासायला नऊ प्रश्नांची एक यादी वापरतात, पीएचक्यू-९ नावाची. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस न वाटणं, उदास वाटणं, झोप, थकवा, भूक, लक्ष न लागणं असे प्रश्न असतात. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. त्यातला सहावा प्रश्न असा आहे: आपण अपयशी आहोत, आपल्यामुळे घरच्यांची मान खाली गेली, असं किती दिवस वाटलं? तुम्ही पत्रभर जे आपल्याबद्दलचा निकाल म्हणून लिहिलंत, ते डॉक्टरांच्या कागदावर एका लक्षणाचं नाव आहे, झोप आणि भूक यांच्या रांगेत बसलेलं. ताप असताना तोंड कडू होतं म्हणून पेज बिघडलेली असते का? तेव्हा आजच ती यादी भरा, मराठीतही मिळते. ५ ते ९ म्हणजे सौम्य, १० किंवा वर गेलात तर डॉक्टर गाठायचा, १५ च्या वर लगेच. नवव्या प्रश्नाला (मरणाचे विचार) शून्याच्या वर काहीही आलं तर एकूण बेरीज कितीही कमी असो, जायचंच. डिचोलीहून म्हापशाचं जिल्हा इस्पितळ जवळ आहे. जाताना थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि साखर यांच्या तपासण्या करून घ्या. थकवा आणि उदासी कधी कधी तिथूनही येते, आणि त्यावर वेगळी औषधं असतात.

पुरुषांच्या बाबतीत एक घोळ होतो. ‘उदास आहे’ असं ते सांगत नाहीत, त्यांना तसं वाटतही नाही. चिडचिड होते, पोरांवर आवाज चढतो, पाठ धरते, ॲसिडिटी होते, दारू वाढते. मग ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षभर चालतात. डॉक्टरसमोर बसल्यावर नुसतं ‘पित्त होतंय’ म्हणू नका. ‘डिसेंबरात नोकरी गेली, तीनला जाग येते, मरणाचे विचार येतात’ हे तीन तुकडे कागदावर लिहून न्या आणि कागद पुढे करा.

आरशासमोर उभं राहून ‘मी यशस्वी आहे’ म्हणायचे व्हिडिओ तुम्ही पहाटे बघत असणार. ते बंद करा. २००९ मध्ये मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी हे तपासून बघितलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच खालावलेलं होतं, त्यांना अशी वाक्यं घोकून आणखी वाईट वाटलं. मन आतून लगेच प्रत्युत्तर देतं, ‘कसला यशस्वी?’ आणि २००३ मध्ये रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी त्या वेळेपर्यंतचं संशोधन चाळलं, तेव्हा आत्मसन्मान वाढवला म्हणून कामगिरी सुधारते याला फारसा आधार मिळाला नाही. गोष्टी बऱ्याचदा उलट्या क्रमाने घडतात, आधी काम, मग ती भावना. म्हणून आत्मविश्वास आणायची खटपट सोडा, असं आम्ही सुचवतो. दिवस, दारू, पैसा आणि माणसं या चार ठिकाणी हात घाला.

दिवसाबद्दल जरा लांबण लावतो, कारण खरी पडझड तिथे झाली आहे. १९३० च्या सुमारास ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळच्या मारिएन्टाल गावातली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी तिथे जाऊन पाहणी केली. रस्त्यावरून जाणारी माणसं किती वेगाने चालतात तेसुद्धा मोजलं. पुरुष बायकांपेक्षा हळू चालत होते, मध्येच थांबत होते. बायकांची नोकरी गेली तरी चूल, धुणं, पोरं यांनी त्यांचा दिवस बांधलेला होता. पुरुषांना सकाळ आणि दुपार यांत काय केलं ते सांगता येत नव्हतं. वेळ भरपूर, तरी गावच्या वाचनालयातून पुस्तकं न्यायचं प्रमाणही घटलं. पुढे याहोडांनी मांडलं की नोकरी पगाराशिवाय पाच गोष्टी देते: वेळेची चौकट, घराबाहेरची माणसं, आपल्याहून मोठ्या कामात वाटा, लोकांत ओळख आणि हातपाय हलते ठेवायची सक्ती. तुमची कंपनीची बस पहाटे नाक्यावर यायची, तिच्यावर तुमची झोप, जेवण, आंघोळ, सगळं ठरलेलं होतं. बस बंद झाली आणि अकरा वर्षांचं वेळापत्रक एका दिवसात गेलं. पगाराची भरपाई पत्नीने केली, या पाचांची कुणीच केली नाही.

यावर गोव्यातच तपासून पाहिलेला उपाय आहे. संगाथ या संस्थेने इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठका दिल्या, एकेक बैठक ३० ते ४० मिनिटांची. देणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेले साधे समुपदेशक होते. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आले आणि नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा यात लोक जास्त सुधारले. बैठकांचा गाभा साधा होता: मन लागेल तेव्हा काम करीन, ही वाट न बघता ठरल्या वेळी ठरलेली लहान गोष्ट करायची.

घरी असं करा. पहिला आठवडा काहीही बदलायचं नाही, फक्त वही. दर दोन तासांनी एक ओळ: काय केलं, त्यात काम झाल्याचं समाधान दहापैकी किती, मजा दहापैकी किती. ‘३ ते ५, मोबाईल, समाधान ०, मजा २.’ ‘९ ते ११, दुकानात पाइपांचा माल उतरवून नोंद केली, समाधान ५, मजा ३.’ आठवड्याने आकडे बघा. मोबाईलच्या तासांना शून्याशेजारचे आकडे आणि ज्याला तुम्ही ‘फुकट बसतो’ म्हणता त्या दुकानाला चार-पाच पडलेले दिसले तर नवल नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून दिवसात तीनच खुंटे ठोका. उठायची वेळ एकच, रविवारीसुद्धा, समजा सहा. नऊच्या आत घराबाहेर, निमित्त काहीही चालेल: पाव आणणं, पोरांना शाळेत सोडणं, वीस मिनिटं चालणं. आणि दिवसात एकदा घराबाहेरच्या माणसाशी दहा मिनिटं समोरासमोर बोलणं, ज्यात नोकरीचा विषय नसेल. बस्स. चुकतं कुठे ते सांगतो. माणूस उत्साहाने बारा गोष्टी लिहितो, पाच किलोमीटर धावणं, इंग्रजी शिकणं, कोर्स, ध्यान. तिसऱ्या दिवशी सगळं कोसळतं आणि ‘बघ, हेही जमलं नाही’ असा आणखी एक पुरावा हाती लागतो. काम इतकं लहान ठेवा की वाईटातल्या वाईट दिवशीही होईल. दुसरी चूक म्हणजे एक दिवस हुकला की आठवडा सोडून देणं. हुकलेल्या दिवसापुढे वहीत कारण लिहा, पाऊस, भांडण, हँगओव्हर, आणि दुसऱ्या दिवशी सहाला उठा.

पहाटे तीनला जाग येण्याचं मोठं कारण कदाचित रात्रीचा पेग आहे. दारूने झोप लवकर लागते, पण ती शरीरातून उतरू लागली की रात्रीचा उत्तरार्ध तुटक होतो, आणि तुमचं तीन वाजणं त्याच हिशोबात बसतं. मोजून बघा. फेणी साधारण ४२.८ टक्के तीव्रतेची. ६० मिलीच्या एका पेगात जवळजवळ २० ग्रॅम शुद्ध मद्यार्क जातो. एक प्रमाणित ड्रिंक १० ग्रॅमचं धरतात, म्हणजे एक पेग दोन ड्रिंकचा. तुमचे तीन पेग म्हणजे रोज सहा, आठवड्याला ४२. तेही पेग मापाने ओतलेला असेल तर. घरच्या ग्लासात डोळ्यांच्या अंदाजाने ओतलेला पेग सहसा ६० चा नसतो, त्याहून मोठाच असतो.

सकाळी हात कापत असतील, घाम फुटत असेल, थोडी घेतल्याशिवाय बरं वाटत नसेल, तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यासाठी डॉक्टर लागतो, औषध असतं. तसं काही नसेल तर पेग मोजायचं माप आणा, रात्री साडेआठच्या आधी नाही, जेवणाच्या आधी नाही, आणि दर आठवड्याला एक पेग कमी. आठवड्यात दोन दिवस पूर्ण कोरडे, ते आधीच ठरवून पत्नीला सांगा. घरात फेणीचा कॅन ठेवायचा नाही. तल्लफ पंधरा-वीस मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ हात गुंतलेले हवेत, अंगणात पाणी घालणं असो की भांडी घासणं. मित्र आग्रह करतील त्याला ‘गोळी चालू आहे’ हे उत्तर पुरेसं आहे, पुढे कुणी विचारत नाही. संगाथने दारूसाठीही असाच कार्यक्रम इथल्या पुरुषांसोबत केला आणि नकार द्यायचा सराव हा त्याचा एक भाग होता. तोंडाने म्हणून बघितलेलं वाक्य वेळेवर येतं, मनात ठरवलेलं येत नाही.

जाग आली आणि वीस मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणातून उठा, मंद उजेडात बसा, डोळे जड झाले की परत. मोबाईल रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला. हे एक काम आजपासून होण्यासारखं आहे.

पैसा. तुमच्या पत्रात कंपनीच्या फुल अँड फायनल हिशोबाचा एक शब्द नाही, म्हणून विचारतो: ग्रॅच्युइटी घेतलीत का? लाजेपोटी माणसं आपल्या हक्काचा हिशोब मागायलाही गेटवर जात नाहीत, हे आम्हांला पुन्हा पुन्हा दिसतं. सूत्र असं: शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. मूळ वेतन १८,००० असेल तर ११ वर्षांचे साधारण १ लाख १४ हजार होतात. देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते, उशीर केला तर व्याज. मिळाली नसेल तर आधी लेखी अर्ज, पोच घेऊन, आणि तरी हलले नाहीत तर मजूर आयुक्तालय. पीएफचा यूएएन (खात्याचा क्रमांक) चालू आहे का, बँक खातं जोडलेलं आहे का, तेही बघून टाका.

मग पत्नीसोबत एकदा बसा. वार ठरवून, रविवारी सकाळी चहानंतर, पाऊण तास, त्याहून जास्त नाही. रात्री नाही आणि पेगनंतर तर नाहीच. कागदाच्या एका बाजूला न टळणारे खर्च: कर्जाचा हप्ता, वीज, शाळा, किराणा, बाबांची औषधं. दुसऱ्या बाजूला तिचा पगार, तुमचे दुकानाचे, हातातली शिल्लक. दरमहा जेवढे कमी पडतात त्या आकड्याने शिल्लकेला भागा, म्हणजे किती महिने हातात आहेत ते कळेल. ‘घर बुडतंय’ आणि ‘आपल्याला दरमहा सहा हजार कमी पडतात, चौदा महिने निघतील’ यांत रात्रीची झोप मावते इतका फरक आहे. चवथीला चारचौघांत दिसावं म्हणून क्रेडिट कार्डावर खर्च मात्र नको. त्याचं व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळीसच्या आसपास जातं. मोबाईल ॲपवरचं झटपट कर्ज तर घेऊच नका.

तिच्या पगारावर घर चालतं हे तुम्हांला टोचतं, हे दोनदा लिहिलंत. त्याच बैठकीत घरकामाची वाटणी लिहून काढा, अमुक कामं पूर्ण तुमची: सकाळचा डबा, पोरांचा अभ्यास, बाबांना इस्पितळात नेणं. ‘मदत करतो’ म्हणून केलेल्या कामात रोज तिला सांगावं लागतं आणि रोज तुम्हांला आपण बिगारी आहोत असं वाटतं. डबा तुमचा म्हटला की मेथी कधी आणायची ते तुम्हीच बघायचं, तिने विचारायचंही नाही. तिला खटकणारी गोष्ट कदाचित तुमचा पगार नसेलही, तुमचं न बोलणं असेल. विचारल्याशिवाय कळणार नाही.

सरकारी नोकरी लावणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. नोकरीसाठी लाखो रुपये घेऊन फसवल्याची प्रकरणं गोव्यात २०२४ च्या अखेरीस एकामागून एक बाहेर आली, अटका झाल्या, आणि पैसे देणारे बहुतेक सुशिक्षित, घर-दागिने मोडून बसलेले लोक होते. असा दलाल हुशार माणसापेक्षा लाजलेला माणूस शोधतो, कारण तो कुणाला विचारायला जात नाही. शिवाय २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही स्वतंत्र गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद. सरळ वाट तुमच्यासाठी अजून उघडी आहे. बऱ्याच जाहिरातींत वयाची अट ४५ पर्यंत असते, आणि गोवा कर्मचारी निवड आयोगाची परीक्षा संगणकावर होते. १५ वर्षांचा रहिवासी दाखला आणि रोजगार विनिमय केंद्राचं कार्ड चालू ठेवा. पण फक्त त्याच भरवशावर बसू नका. लग्न जुळवताना ‘सरकारी की खाजगी’ हा पहिला प्रश्न विचारणाऱ्या समाजात राहून हे सांगणं सोपं नाही, तरी सांगतो.

नोकरी शोधायला दिवसाचे दोन तास, दुकानाच्या आधी. आठ तास शोधणारा महिन्यात थकतो. १९७३ साली समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा निबंध आला, बॉस्टनजवळ ओळखीतून नोकरी मिळवलेल्या पुरुषांवर. सहांतल्या पाचांना ज्या माणसाकडून खबर मिळाली, तो रोजच्या उठबशीतला नव्हता, कधीमधी भेटणारा होता. जवळच्यांना तेच माहीत असतं जे तुम्हांला माहीत असतं. तेव्हा लाईन बंद झालेल्या त्या ४० जणांची यादी करा, आणि मशिनवाले, कार्टन पुरवणारे, बसचा ड्रायव्हर यांचीही. आठवड्याला पाच फोन. ‘कुठे नोकरी असेल तर सांग’ म्हटलं की ‘बघतो’ हे उत्तर येतं आणि विषय संपतो. ‘तुमच्याकडे वेर्णेला ब्लिस्टर लाईनवर सुपरवायझर कोण बघतं, त्याचं नाव सांगशील?’ याला नाव मिळतं. बायोडेटा एक पानाचा, त्यात आकडे: किती माणसांची शिफ्ट, किती लाईनी, कोणती मशिनं, किती ऑडिटं बघितली. वहीत किती उत्तरं आली ते मोजू नका, ते तुमच्या हातात नाही. किती फोन केले ते मोजा.

वडिलांचं बोलणं लागतं, लागणारच. पण ते खाणीवर होते असं लिहिलंत. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या, पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, आणि २०१८ च्या मार्चात परत थांबल्या. डिचोली-सत्तरीत दारादारांत ट्रक उभे राहिले. तेव्हा कुणी कुणाला ‘तू नालायक’ म्हटलं नाही, कारण सगळ्यांचंच गेलं होतं. तुमचं एकट्याचं गेल्यासारखं दिसतं, म्हणून तो दोष वाटतो. बाकीचे ३९ जण वेगवेगळ्या गावांत बसून हेच स्वतःला म्हणत असतील. बाबांना वाद घालून काही पटणार नाही. त्यांना एकदा दुपारी, दोघंच असताना विचारा, खाण बंद झाली त्या वर्षी तुम्ही दिवस कसा काढलात? ते काय सांगतात बघा. ते विचारल्यावरही जेवताना टोमणे चालूच राहिले, तर शांतपणे एकदा सांगा, ‘बाबा, पोरांसमोर नको. मला बोलायचं तर मागच्या पडवीत बोला.’

आता चवथ. जा. न जाण्याची किंमत लग्नात कळलीच आहे: त्या दिवशी सुटल्यासारखं वाटलं आणि पुढची भेट आणखी अवघड झाली. टाळण्याचा हा ठरलेला क्रम असतो. मात्र ऐन आरतीच्या वेळी, सगळे ओट्यावर जमलेले असताना पोचू नका. आदल्या दिवशी सकाळी जा. माटोळी (गणपतीच्या डोक्यावरची फळापानांची चौकट) बांधायला हात लागतात, नारळाची पेंड (घड) चढवायची असते, सुपारीची शिपटी, कवंडाळं बांधायची असतात. वर चढलेल्या, दोरी दातांत धरलेल्या माणसाला कुणी ‘सध्या काय करतोस’ विचारत नाही, ‘ती डावीकडे घे’ म्हणतात. सगळे येतील तेव्हा तुम्ही त्या घरात आधीच रुळलेले असाल.

प्रश्न तरीही येणार. उत्तर तीन तुकड्यांचं, पंधरा सेकंदांचं, आणि खरं: काय संपलं, सध्या काय चालू आहे, आणि उलट प्रश्न. ‘डिसेंबरात आमची लाईन बंद झाली. सध्या मामांच्या दुकानाचा माल आणि हिशोब बघतो, वेर्णेला दोन ठिकाणी बोलणं चालू आहे. तू बोटीवर परत कधी चढतोस?’ (दोन ठिकाणी बोलणं चालू नसेल तर ते वाक्य टाकू नका, खोटं तिसऱ्या प्रश्नाला पकडलं जातं.) घरी मोठ्याने पाच-सहा वेळा म्हणून बघा. पत्नीलाही माहीत असू द्या, नाहीतर ती दुसऱ्या खोलीत वेगळंच सांगेल. बिघडतं ते बहुतेक उत्तर लांबवल्याने: कंपनीची कागाळी, मॅनेजरचा उद्धार, सरकारचं धोरण. ऐकणाऱ्याला तेवढं नको असतं. कुणी खवचटपणे दुसऱ्यांदा विचारलंच तर ‘सांगितलं ना, चाललंय’ म्हणून आरतीला वाजवायचं घुमट हातात घ्या.

क्रूझवरचा भाऊ तुम्हांला सुट्टीतच दिसतो. बहुतेकांचा करार सहा ते नऊ महिन्यांचा असतो, आठवड्याची सुट्टी नसते, आणि दोन करारांमधल्या महिन्यांत पगार बंद. १९५४ मध्ये मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी मांडलं होतं की स्वतःला मोजायला नेमकी पट्टी नसली की माणूस शेजाऱ्याला पट्टी करतो. तुम्ही त्याच्या सुट्टीशी स्वतःचा सोमवार मोजताय. त्याला विचारा, केबिनमध्ये किती जण असता, पोराचा वाढदिवस शेवटचा कधी बघितलास. हरवण्यासाठी विचारू नका. बोलायला लागला तर तासभर बोलेल.

वही सुरू केलेल्या दिवसापासून सहा आठवड्यांनी ती नऊ प्रश्नांची यादी पुन्हा भरा. पाच गुणांनी किंवा जास्त उतरली असेल तर हेच चालू ठेवा. तेवढी उतरली नसेल, तर दुकानात जाता, उठता-बसता सगळं ठीक चाललंय असं दिसत असलं तरी म्हापशाला किंवा बांबोळीला दाखवा, वही सोबत न्या. गोळी सुरू झाली तर तिचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण उतार पडायला त्याहून जास्त. बरं वाटलं म्हणून मध्येच स्वतःहून सोडायची नाही. आणि गोळीवर असताना फेणी का नको, हे डॉक्टरांना तिथेच विचारून घ्या.